सहा सिलिंडर की टर्बो? आधी प्रश्न नीट मांडू

प्रीमियम गाडी घ्यायची ठरली, रंग ठरला, सीटचं लेदरही ठरलं, की शेवटी गाडं एकाच जागी अडतं. सहा सिलिंडरचं इंजिन घ्यावं की टर्बोचं, म्हणजे जास्तीची हवा दाबून भरणारं? हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न बरोबर होता. तेव्हा एकाच मॉडेलमध्ये खरोखर दोन वाटा असत: टर्बो नसलेलं तीन लिटरचं सहा सिलिंडर, किंवा टर्बो लावलेलं दोन लिटरचं चार सिलिंडर. आज शोरूममधल्या बहुतेक सहा सिलिंडर गाड्यांनाही टर्बो असतोच. त्यामुळे ‘सहा की टर्बो’ असं विचारणं म्हणजे ‘मोठं घर घेऊ की हवेशीर’ असं विचारण्यासारखं आहे. सिलिंडर किती, हा एक प्रश्न. त्यांत हवा कशी भरली जाते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हाताला आणि कानाला कळतं, दुसऱ्याचं पाठीला, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर सीट मागून ढकलते तेव्हा. दोन्ही सुटे करून पाहिले की निवड करणं बरंच सोपं होतं.

सहा सिलिंडर इतकं शांत का चालतं

पेट्रोल इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर चार कामं करतो: हवा आत ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं. या चार कामांना क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, दोन फेरे लागतात, म्हणजे ७२० अंश. ताकद मिळते ती फक्त पेटवण्याच्या वेळी, उरलेली तीन कामं निव्वळ खर्चाची.

चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक धक्का मिळतो. पेटलेल्या सिलिंडरचा पिस्टन, म्हणजे आतला वर-खाली होणारा दट्ट्या, खाली यायलाही १८० अंशच लागतात, म्हणजे एकाचा जोर पूर्ण संपतो तेव्हा कुठे दुसऱ्याचा सुरू होतो. सहा सिलिंडरमध्ये धक्का दर १२० अंशांनी येतो, त्यामुळे आधीच्याचा जोर ओसरण्याआधीच पुढच्याचा हात लागलेला असतो. बंद पडलेली गाडी दोघांनी आळीपाळीने ढकलली तर ती हिसके देत पुढे जाते. तिसरा माणूस मध्ये हात लावत राहिला की हिसके जातात. इथेही तेच.

गाडी सिग्नलला उभी आहे आणि इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेतंय असं धरा. चार सिलिंडर असतील तर सेकंदाला साधारण २३ धक्के बसतात, सहा असतील तर ३५. धक्के जितके जास्त आणि जितके जवळ, तितका प्रत्येक धक्का लहान आणि इंजिनाच्या रबरी माउंटांना तो गिळायला सोपा. स्टिअरिंगवर हात ठेवून उभं राहिलात तर हा फरक आकड्यांशिवायही कळतो.

पण खरी गंमत धक्क्यांच्या पुढे आहे. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. पाहणाऱ्याला वाटेल, हिशेब जुळला. तो पुरता जुळत नाही. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा रॉड फिरताना तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत जलद आणि खालच्या अर्ध्या फेरीत सावकाश फिरतो. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना पूर्ण छेदत नाहीत. जे उरतं ते इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात दोनदा वर-खाली हलवतं. इंजिन मोठं आणि फेरे जास्त, तितका हा कंप जोरदार.

यावर उपाय जुना आहे. ब्रिटिश इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचवलं की दोन वजनदार दांडे क्रँकच्या दुप्पट वेगाने एकमेकांच्या उलट दिशेने फिरवावेत, म्हणजे उरलेला कंप मारला जाईल. याला बॅलन्स शाफ्ट म्हणतात. मित्सुबिशीने १९७० च्या दशकात ही कल्पना पुन्हा वर आणली आणि पोर्शेने आपल्या ९४४ गाडीच्या अडीच लिटरच्या चार सिलिंडर इंजिनासाठी त्याच तंत्राचा परवाना घेतला. आजच्या चांगल्या दोन लिटर इंजिनांमध्ये हे दांडे सर्रास असतात.

एका ओळीतल्या सहा सिलिंडरला यातलं काहीच लागत नाही. पुढचे तीन पिस्टन मागच्या तिघांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. साधा कंप, दुप्पट वेगाचा कंप, इंजिन पुढे-मागे डोलवणारा जोर, सगळं आपोआप शून्यावर येतं. रचनेतच समतोल आहे, बाहेरून ठिगळ लावावं लागत नाही. मला यांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी ही एक वाटते.

इथे एक सावधगिरी. ‘सहा सिलिंडर’ लिहिलं म्हणजे सगळी एकसारखी नसतात. व्ही-६ मध्ये तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि तीनची रांग मुळात डोलणारी. म्हणून काही व्ही-६ इंजिनांत बॅलन्स शाफ्ट घालावा लागतो. मर्सिडीझने १९९७ मध्ये एका ओळीतलं सहा सोडून व्ही-६ घेतलं तेव्हा त्यातही तो होता. मग व्ही-६ कशाला? कारण ते आखूड असतं. गाडीच्या नाकात आडवंही बसतं आणि अपघातात चुरगळायला पुढे जागा उरते. चांगलं व्ही-६ चारपेक्षा स्पष्टपणे मऊ चालतं, पण एका ओळीतल्या सहाची सर त्याला येत नाही.

आणि मर्सिडीझच २०१७ मध्ये एस-क्लासमध्ये एम२५६ नावाचं इंजिन घेऊन एका ओळीतल्या सहाकडे परतली. जग्वार लँडरोव्हरने २०१९ मध्ये आणि माझ्दाने २०२२ मध्ये तीच वाट धरली. बीएमडब्ल्यूने तर ती कधी सोडलीच नव्हती. परतण्याची कारणं व्यवहारी आहेत. एम२५६ मध्ये ४८ व्होल्टची वीजयंत्रणा आल्याने एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप विजेवर गेले, पुढचा पट्टा निघाला आणि इंजिन आखूड झालं. सगळा धूर एकाच बाजूने निघत असल्याने टर्बो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला चिकटून बसवता येतात. शिवाय चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं एकाच कुटुंबातून काढता येतात. बीएमडब्ल्यूचं दोन लिटरचं बी४८ आणि तीन लिटरचं बी५८ यांचे सिलिंडर अगदी एकाच मापाचे आहेत: व्यास ८२ मिलिमीटर, पिस्टनची धाव ९४.६ मिलिमीटर. एकात असे चार, दुसऱ्यात सहा.

टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता

निखाऱ्यावर भाता मारला की तो फुलतो, कारण त्याला जास्त हवा मिळते. टर्बो तेवढंच करतो, फक्त भाता हलवायला वेगळी ताकद घेत नाही. बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेलं चक्र ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. फुकट जाणाऱ्या धुरातून काम काढायची ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चं.

ऐकायला सोपं, करायला अवघड. गाडीच्या टर्बोची चक्रं मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतात आणि पेट्रोल इंजिनाचा धूर जोरात चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. शिवाय हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच स्वतःहून पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टन फोडू शकतं. १९६२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये यासाठी मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण फवारायची वेगळी टाकीच होती. ती भरत राहणं मालकाच्या अंगावर. आज हेच काम दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, थेट सिलिंडरमध्ये होणारा इंधनाचा फवारा आणि क्षणोक्षणी नॉकिंग ऐकणारा सेन्सर मिळून करतात.

टर्बोची बदनामी झाली ती उशिरामुळे. चक्राला वेग यायला धूर हवा, धुराला वेग यायला इंजिन जोरात चालायला हवं. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो किंवा त्यानंतरची पहिली पोर्शे ९११ टर्बो चालवताना पाय दाबला की आधी काहीच होत नसे, आणि मग सगळं एकदम होई. वळणावर हे धोक्याचं होतं. आजचा टर्बो लहान आणि हलका असतो, आणि बऱ्याच इंजिनांत धूर दोन वेगळ्या वाटांनी चक्रावर सोडतात, म्हणजे एका सिलिंडरच्या धुराचा झोत दुसऱ्याच्या धुराला आडवा येत नाही.

या जागी सहा सिलिंडर आणि टर्बो यांचं फार छान जमतं. एका ओळीतल्या सहाचे पुढचे तीन एका वाटेला आणि मागचे तीन दुसऱ्या वाटेला दिले, की प्रत्येक वाटेतून सारख्या अंतराने झोत येत राहतो. चारमध्ये प्रत्येक वाटेला दोनच सिलिंडर, म्हणून झोतांत अंतर जास्त. दोन्ही चालतात, पण सहाचं चक्र अधिक एकसारखं फिरतं. जे दोन पर्याय आपण एकमेकांविरुद्ध उभे करतो, ते खरं तर एकमेकांचे चांगले जोडीदार आहेत.

आकडे काय सांगतात

बीएमडब्ल्यू ३२८आय या एकाच नावाच्या गाडीत दोन पिढ्यांमध्ये काय बदललं ते पाहू. जुन्या गाडीत अमेरिकेत एन५२ हे टर्बो नसलेलं तीन लिटरचं सहा सिलिंडर होतं: २३० अश्वशक्ती, आणि सुमारे २७० न्यूटन मीटर टॉर्क २,७५० फेऱ्यांना. २०११-१२ मध्ये तिथे एन२० हे दोन लिटरचं टर्बो आलं: शक्ती थोडीच जास्त, पण ३५० न्यूटन मीटर टॉर्क, आणि तोही १,२५० फेऱ्यांपासूनच.

शक्ती आणि टॉर्क यांत गोंधळ होतो म्हणून थोडं थांबतो. टॉर्क म्हणजे क्रँकला पीळ देणारा जोर, गाडीची ओढ. तो जोर किती वेगाने लागतो हे त्यात मिसळलं की अश्वशक्ती. सिग्नल सुटल्यावर किंवा घाटात ट्रकला मागे टाकताना आपण ज्याला पिकअप म्हणतो ती बहुतांशी कमी फेऱ्यांवरची ओढ असते. एन२० इथे सरळ जिंकतं. पाय थोडा दाबायचा, गिअरही न बदलता गाडी निघते.

मग एन५२ च्या मालकांना त्या गाड्या सोडवत का नाहीत? कारण टर्बो नसलेल्या इंजिनात पाय आणि ओढ यांचं नातं सरळ असतं. जेवढं दाबाल तेवढंच मिळतं, त्याच क्षणी मिळतं, आणि फेरे वाढतील तसा जोर आणि आवाज दोन्ही चढत जातात. टर्बो चार लवकर भरतं आणि वर गेल्यावर दमतं. त्याला वरच्या फेऱ्यांपर्यंत पिळण्यात आनंद नाही आणि फायदाही नाही.

लेक्ससनेही आरएक्स ३५० मध्ये साडेतीन लिटरच्या व्ही-६ जागी २.४ लिटरचं टर्बो चार घातलं. अमेरिकी आवृत्तीत शक्ती २९५ वरून २७५ अश्वशक्तीवर उतरली आणि टॉर्क मात्र सुमारे ३६० वरून ४३० न्यूटन मीटरवर गेला. रोज शहरात वापरणाऱ्याला नवी गाडी चपळ वाटेल. जुनीची सवय असलेल्याला बॉनेटखालून येणारा आवाज खटकेल. दोघांचंही बरोबर आहे.

आकड्यांवर पूर्ण भिस्त ठेवली की काय होतं याचं उदाहरण मर्सिडीझ-एएमजीची सी ६३ आहे. २०२२ मध्ये तिचं चार लिटरचं व्ही-८ जाऊन दोन लिटरचं टर्बो चार आणि विजेची मोटर आली, एकूण ६८० अश्वशक्ती. कागदावर आधीच्यापेक्षा कितीतरी पुढे. तरी जुन्या चाहत्यांना ती आपली वाटली नाही. वजन दोन टनांच्या वर गेलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी लोक ती गाडी घेत, तो आवाज आणि इंजिनाचा तो स्वभाव, गेला होता.

मायलेजचं खरं गणित

कंपन्यांनी लहान टर्बो इंजिनं आणली त्यामागे उत्सर्जनाचे नियम आहेत. युरोपीय संघाने नव्या गाड्यांसाठी सरासरी कार्बन डायऑक्साइडची मर्यादा २०१५ साठी किलोमीटरला १३० ग्रॅम ठेवली, आणि पुढच्या टप्प्यात ९५ ग्रॅम.

लहान इंजिन कमी पितं ते का? पेट्रोल इंजिन सावकाश चालवताना हवेची झडप जवळजवळ बंद असते आणि इंजिनाला अरुंद फटीतून श्वास ओढावा लागतो. त्यातच इंधन जातं. लहान इंजिनाला तेवढ्याच कामासाठी झडप जास्त उघडावी लागते, म्हणून हा तोटा कमी. शिवाय दोन सिलिंडरचं घर्षण वाचतं. त्यामुळे शहरात आणि संथ हायवेवर टर्बो चार खरोखरच चांगलं ॲव्हरेज देतं.

पण जोरात चालवलंत, गाडी भरलेली असली, चढ लांबलचक असला, तर टर्बो सतत हवा कोंबत राहतो. काही इंजिनं तेव्हा आतली उष्णता आवरायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतात. मग दोन लिटरचं इंजिन तीन लिटरइतकंच, कधी त्याहून जास्त पितं. तुमचा पाय जड असेल तर चार सिलिंडर मायलेजसाठी घेऊ नका, त्यातून फारसं काही वाचणार नाही.

उंचावर मात्र टर्बोचं पारडं निर्विवाद जड. दर हजार मीटर चढाईला हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर साधारण त्याच प्रमाणात घटतो. टर्बो जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो. डोंगराळ भागात राहणाऱ्याने टर्बो नसलेलं इंजिन फार विचार करूनच घ्यावं.

टिकण्याबद्दल

‘टर्बो म्हणजे खर्च’ ही भीती अर्धी खरी आहे. टर्बो स्वतः बहुधा टिकतो, पण त्याच्या आसपासची उष्णता रबर, प्लॅस्टिक आणि ऑइल यांना लवकर म्हातारं करते. म्हणून ऑइल वेळेवर आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच हवं. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर टाकला की कधीकधी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं. २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचं मानक) दर्जाच्या ऑइलमध्ये हा धोका कमी करण्याची तरतूद आहे. चालकाच्या हातात असलेला भाग सोपा: वरच्या गिअरमध्ये अगदी कमी फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबून गाडी रेटू नका. आणि जोरात चालवून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश काढा, म्हणजे टर्बोतलं ऑइल करपत नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: नव्या तंत्राच्या पहिल्या खेपेपेक्षा दुसरी-तिसरी खेप बरी. बीएमडब्ल्यूचं एन५४ हे २००६ चं दोन टर्बोंचं सहा सिलिंडर चालवायला अप्रतिम, पण त्याच्या उच्च दाबाच्या इंधन पंपासाठी २०१० मध्ये अमेरिकेत रिकॉल करावा लागला. बी५८ येईपर्यंत बरंच काही सुधारलं होतं. टर्बो नसलेली जुनी सहा सिलिंडर इंजिनं मनाने सशक्त असतात, तरी वयाने गॅस्केटं गळू लागतात आणि पाण्याचा पंप जातो. सर्व्हिसिंगच्या नोंदी नीट असतील तर मी स्वतः अशी गाडी आजही आनंदाने घेईन. नोंदी नसतील तर कितीही गोड वाजत असली तरी नाही.

कोणी काय घ्यावं

गाडी मुख्यतः शहरात, गर्दीत चालणार असेल, तर चांगलं टर्बो चार घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या सस्पेन्शनवर किंवा सीट्सवर घाला. तासभर ट्रॅफिकमध्ये थांबत-सरकत जाताना सहाचे गुण अर्धेही वापरले जात नाहीत. नाकावर वजन कमी असल्याने चार सिलिंडरची गाडी वळणावर अनेकदा जास्त चटकन वळते, हेही मोलाचं.

वर्षातून अनेकदा पाच-सहाशे किलोमीटरचे पल्ले मारणार असाल, गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल आणि इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकायला आवडत असेल, तर टर्बो लावलेलं एका ओळीतलं सहा. माझ्या मते आजच्या घडीला पेट्रोल इंजिन म्हणून याहून चांगली तडजोड नाही. खालून ओढ, वर दम, आणि दिवसभर चालवूनही हातात उरणारी शांतता. त्यात ४८ व्होल्टची मदत असेल तर टर्बोचा उशीरही जवळपास संपतो. एम२५६ च्या काही आवृत्त्यांत विजेवर चालणारा कॉम्प्रेसर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ७०,००० फेऱ्यांवर पोहोचतो आणि टर्बो जागा होईपर्यंत हवा पुरवतो.

गाडीच्या पाठीवरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. वर पाहिलंच, ३२८ लिहिलेल्या गाडीत २.८ लिटर नव्हतेच. तांत्रिक माहितीच्या पानावर घनक्षमता पाहा. प्रीमियम गाड्यांत आज एक सिलिंडर साधारण ५०० सीसीचा असतो, म्हणून आकडा दोन हजारांच्या आसपास असेल तर चार, तीन हजारांच्या आसपास असेल तर सहा. सहा असेल तर ते एका ओळीतलं की व्ही, हेही विचारून घ्या.

टेस्ट ड्राइव्ह दोन्ही गाड्यांची एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर करा. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा, कारण गरम इंजिन सगळीच शहाणी वागतात. संगीत बंद. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं तेव्हा सीटला हिसका बसतो का, ते बघा. मग मोकळ्या रस्त्यावर गिअर हाताने तिसऱ्यात धरून ठेवा, फेरे दीड हजारांवर येऊ द्या आणि पाय अर्धाच दाबा. ओढ यायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. मग त्याच गिअरमध्ये पाच हजारांपर्यंत जाऊ द्या आणि शेजारी बसलेल्याशी बोलणं थांबवून नुसतं ऐका. सेल्समन तेव्हा काही सांगत असेल, त्याला नम्रपणे मिनिटभर थांबायला सांगा.